वाघमुखीची नाडी

निरीक्षक बाई आल्या तेव्हा विश्वजित खराडे दारातच उभा होता. चेहऱ्यावर असं हसू, की जणू तपासणी बाईंचीच व्हायची आहे. जिल्ह्यात परवाना घेऊन जुन्या बंदुका बाळगणाऱ्यांची जी संघटना होती तिचा तो अध्यक्ष. तपासणीचे नियम करताना सरकारनं ज्या चार शहाण्यांना विचारलं, त्यातला एक. त्यात शिरोलीला स्वतःची फाउंड्री, म्हणजे लोखंडातलं आपल्याला कुणी काही शिकवू नये हा माज आधीपासूनचा. आधीचा निरीक्षक यायचा, चहा प्यायचा, कपाटावरून नजर फिरवून वहीत सही ठोकायचा आणि वाटेला लागायचा. नव्या बाईंनी आल्या आल्या चहाला नको म्हटलं, तिथंच खराडेच्या कपाळाला आठी पडली.

सायमा मुजावर त्यांचं नाव. मूळच्या कागलच्या. बोलायला तुटक, पण उद्धट म्हणता येणार नाही. त्यांनी वही मागितली आणि खराडेनं ती दोन्ही हातांनी पुढं केली. वहीचा त्याला भारी अभिमान. प्रत्येक बंदुकीचा क्रमांक, फोटो, वजन, गंजाचे डाग कुठं आणि केवढे, कपाटातून कधी काढली, कशाला काढली, परत कधी ठेवली. नियमात होतं तेवढं सगळं, वर थोडं जास्तच. खंडेनवमीला पूजेसाठी बंदुका बाहेर काढल्याची नोंद बाईंनी बोटानं दाखवली आणि पूजेला कोण असतं ते विचारलं. खराडे म्हणाला, दरवेळी मी स्वतः हजर असतो, तसं लिहिलंय बघा. हे धडधडीत खोटं होतं. खंडेनवमीला तो फाउंड्रीत यंत्रांच्या पूजेला जायचा आणि कपाटाची किल्ली बायकोच्या हातात द्यायचा. पण इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग बाईंनी बॅगेतून नाडी काढली.

सरकारी कागदात या यंत्राचं नाव भलंमोठं आहे, लोक मात्र नाडीच म्हणतात. वैद्य मनगटावर बोटं ठेवतो तसं ते नळीच्या बुडाशी, जिथं बत्ती द्यायचं बारीक भोक असतं तिथं, टेकवायचं. मूळ शोध खडक तपासणाऱ्यांचा. लोखंडाच्या पोटात डोळ्याला न दिसणारे असंख्य चिमुकले चुंबक असतात. पृथ्वी हा एक थोरला चुंबक, ती या चिमुकल्यांना सारखी आपल्याकडं वळवायला बघते. पण लोखंड आळशी, सहजासहजी वळत नाही. जोराचा धक्का बसला, की मात्र सगळे दचकून जागे होतात आणि त्या क्षणी नळी जशी असेल त्या हिशेबानं उत्तर-दक्षिण धरून बसतात. पुढं बंदूक कपाटात दुसरीकडं तोंड करून उभी राहिली, की हळूहळू नव्या दिशेला कलायला लागतात. त्या कलण्याची चाल ठरलेली आहे. किती कलले ते मोजलं, की धक्का केव्हा बसला ते सांगता येतं, आठवडाभर इकडं की तिकडं. शिवाय तेव्हा नळी आडवी होती की आभाळाकडं, पूर्वेला होती की पश्चिमेला, तेही कळतं.

जुनी बंदूक बाळगायचा परवाना एकाच अटीवर मिळतो: बघायची, उडवायची नाही. पूर्वी हे शपथेवर भागायचं. मग एका वरातीत हौसेनं बार काढताना ठासणीची बंदूक फुटली, नवरदेवाचा भाऊ जागीच गेला, आणि नियम कडक झाले. वर्षाला एकदा नाडी. नोंद नसलेला धक्का सापडला, की परवाना रद्द आणि एक नग सापडो की दहा, अख्खा संग्रह भट्टीत. बंदुकीला धक्का कशाचा बसणार, बाराचाच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. हरकत घ्यायला महिन्याची मुदत. मुदतीनंतर पुराव्याशिवायचं म्हणणं ऐकायचं नाही, ही पाचर खराडेच्या संघटनेनंच मारून घेतलेली. उगीच कुणीही रडत येतो म्हणून.

एकेक बंदूक बाहेर आली, नाडीवर हिरवा दिवा लागत गेला. खराडे मिशीतल्या मिशीत हसत होता. शेवटी वाघमुखी. लांबलचक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडवायची बंदूक, लोखंडी पट्ट्या गुंडाळून घडवलेली नळी, आणि नळीच्या तोंडाशी जबडा वासलेला वाघ. सासऱ्यानं लग्नात दिलेली. तिच्यावर नाडी टेकली आणि लाल दिवा लागला. बाईंनी पुसून पुन्हा टेकवली. पुन्हा लाल.

"दसऱ्याच्या आसपासचा धक्का आहे," त्या म्हणाल्या. "नळी आडवी, जमिनीला समांतर, तोंड पूर्वेला. वहीत नोंद नाही. तुम्ही तर हजर होता म्हणालात."

खराडेच्या तोंडात मारल्यासारखं झालं. मग जी जीभ सुटली ती आवरेना. यंत्र बिघडलंय, तुम्हाला वापरता येत नाही, मी कोण आहे ते वर विचारा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, नोटीस लिहिली, कपाटाला सरकारी कुलूप घातलं आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या.

आता हे लाल दिव्याचं प्रकरण खराडेला नवं नव्हतं. जिल्ह्यात पहिला लाल दिवा लागला तो त्याच्याच मेव्हण्याकडं, राजवर्धन सरनोबताकडं, आणि तो लावायला खराडेच कारण होता.

वाघमुखी ही खरं तर जोडी. एकाच लोहारानं घडवलेल्या दोन सारख्या बंदुका. सासऱ्यानं एक लेकाला ठेवली, एक लेकीबरोबर दिली. दोन घरं बांधलेली राहतील, असं म्हातारा म्हणायचा. खराडेला मात्र लग्नापासून एकच ध्यास, जोडी एका कपाटात पाहिजे. एकदा संघटनेच्या स्नेहभोजनात त्यानं चार लोकांत मेव्हण्याकडं विषय काढला. राजवर्धन घास घेता घेता म्हणाला, दाजी, तुमच्याकडं एक आहे ती सांभाळा की. लोक हसले. बोलणाऱ्यानं ते सहज म्हटलं असेल, पण खराडेच्या काळजाला ते चावलं आणि चावतच राहिलं.

नाडी नवी नवी आली, तेव्हा आधी कुणाची तपासणी करावी हे सरकारनं अध्यक्षालाच विचारलं. खराडेनं मेव्हण्याचं नाव दिलं. सरनोबतांना उत्सवात बार काढायची खोड आहे असं त्याचं म्हणणं, आणि ती असेलही अशी त्याची समजूत. सरनोबताची वाघमुखी लाल निघाली: नळी आडवी, तोंड पूर्वेला. सुनावणीला राजवर्धन म्हणाला, आमच्या घरात आजोबांपासून दारू नाही, ना बंदुकीची ना दुसरी. खंडेनवमीला आम्ही बंदूक पाटावर आडवी ठेवतो आणि नारळ तिच्या नळीवर फोडतो, घराण्याची रीत आहे. धक्का असेल तर तो नारळाचा. समितीनं खराडेकडं बघितलं. फाउंड्रीवाला माणूस, लोखंडाचा जाणकार. नारळानं असं होतं का, सांगा.

खरं सांगायचं तर खराडेला त्याच क्षणी शाळा आठवली होती. विज्ञानाच्या सरांनी टेबलावर लोखंडी सळई उत्तर-दक्षिण ठेवली होती, हातोडीचे चार ठोके मारले होते, आणि तिच्याजवळ नेलेली होकायंत्राची सुई गर्रकन फिरली होती. हातोडीनं होतं तर नारळानंही व्हायचंच, फक्त एवढं, की तो धक्का ठोक्याच्या जागेपाशी असेल आणि नळीच्या तोंडाकडं विरत जाईल. बाराचा धक्का नळीभर सारखा बसतो. नाडी बुडाशी न टेकवता नळीभर फिरवली असती, तर खरं खोटं तिथंच कळलं असतं. हे सगळं त्याच्या डोक्यात आलं. पण समोर राजवर्धन उभा होता, आणि ते स्नेहभोजन अजून चावत होतं.

"नारळानं लोखंड झालं तर ओलं होईल," खराडे म्हणाला.

समिती खदखदून हसली. परवाना गेला. जप्त झालेली वाघमुखी दुर्मिळ म्हणून भट्टीतून वगळतील आणि ती संघटनेच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्याच हाताखाली येईल, असा त्याचा हिशेब होता. हुकूम निघाला वितळवण्याचा, आणि जप्त शस्त्रं वितळवण्याचं कंत्राट त्याच्याच फाउंड्रीचं. त्या दिवशी तो भट्टीपाशी गेला नाही, काचेच्या केबिनमध्ये पाठमोरा बसून राहिला. पुढं राजवर्धननं अपील केलं तेव्हा समितीनं पुन्हा खराडेचं मत मागवलं. त्यानं कळवलं, आता तपासायला बंदूकच उरलेली नाही, तर बोलायचं कशावर. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. उज्ज्वला, म्हणजे खराडेची बायको, राजवर्धनची धाकटी बहीण, सणासुदीला माहेरी एकटी जायची आणि एकटी यायची. त्या निकालावर कधी एका शब्दानं बोलली नाही.

आणि आता लाल दिवा खराडेच्या स्वतःच्या घरात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानं आधी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. ड्रायव्हरला फैलावर घेतलं, माळ्याची झडती घेतली. पुण्यातल्या मुलाला फोन करून, दसऱ्याला मित्र घेऊन आला होतास, कुणी बार काढला, असा जाब विचारला. मुलानं शांतपणे फोन ठेवून दिला. घरातलं प्रत्येक माणूस त्याला चोर दिसायला लागलं. शेवटी स्वयंपाकघरात गेला. उज्ज्वला मेथी निवडत बसली होती.

"दसऱ्याला वाघमुखीला कुणी हात लावला?"

"मी," ती म्हणाली. "नारळ फोडला तिच्यावर. बुडाशी, कुंकू लावतात तिथं. पाटावर आडवी ठेवून, पूर्वेला तोंड करून. आमच्या माहेरची रीतच आहे ती. दादाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला. बायकांनी यात पडू नये म्हणालात."

लग्न झाल्यापासून दर खंडेनवमीला खराडे फाउंड्रीत यंत्रांना हार घालत होता, आणि घरी त्याच्या बंदुकीवर नारळ फुटत होता. वहीत मात्र दरवर्षी त्याची सही, माझ्या समक्ष.

"तुझ्या भावाचं तसं झाल्यावर तरी थांबायचं होतंस."

"थांबता आलं असतं," तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "नाही थांबले. मुद्दाम फोडला. दरवर्षी वाट बघितली, कधीतरी कुणीतरी चहा न पिणारा माणूस येईल."

तो ओरडला. घरचा भेदी लंका दहन, म्हणाला. तिनं ओरडू दिलं. मग मघाच्याच शांत आवाजात म्हणाली, की आता सोपं आहे. मॅडमना जाऊन सांगा. दादाचं कुणी ऐकलं नाही, तुमचं ऐकतील. नाडी नळीभर लावायला सांगा. बंदुका सुटतील तुमच्या.

तिला नळीभर नाडीचं कसं माहीत, हे त्यानं विचारलं नाही. धाडस झालं नाही म्हणा. तिनं पदवी भौतिकशास्त्राची घेतली होती, हे तो स्वतःच्या सोयीनं कधीच विसरून गेला होता.

पुढचा महिना त्या घरात कुणाला सुखाचा गेला नाही. बातमी फुटायला वेळ लागला नाही, आणि जिल्हाभर जणू दिवाळी झाली. खराडेनं सुचवलेल्या नावांतले किती तरी लोक लाल दिव्याखाली भरडून निघाले होते. ते आता एकमेकांना फोन करून चौकशा करायला लागले, अध्यक्षसाहेबांची तब्येत बरी आहे ना. संघटनेच्या ग्रुपवर कुणीतरी भट्टीचा फोटो टाकला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं त्याखाली लिहून वर हात जोडलेले. पूर्वी संग्राहक एकमेकांकडं बंदुका बघायला जायचे, तेल कुठलं लावता विचारायचे. नाडी आल्यापासून एकमेकांच्या कपाटावर डोळा ठेवायचे आणि तक्रारी धाडायचे. हे वळण लावलं खराडेनंच, पण त्याला त्याची चव आत्ता कळली.

फाउंड्रीत एका दुपारी त्यानं सगळ्यांना जेवायला पाठवलं, एक जुनी लोखंडी नळी जमिनीवर आडवी ठेवली आणि भट्टीपाशी पूजेसाठी ठेवलेला नारळ घेऊन तिच्या बुडाशी आपटला. मग होकायंत्र जवळ नेलं. बुडाशी सुई वळली. मध्यावर जरा वळली. तोंडाशी ढिम्म. झालं, हरकतीचा अर्ज म्हणजे एवढंच लिहायचं होतं. त्यानं नारळाची करवंटी लाथेनं कोपऱ्यात उडवली आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

लिहायचं झालं तर काय लिहायचं? माझ्या बंदुकीवर नारळ फुटला, आणि नारळानं लाल दिवा लागतो. म्हणजे सरनोबत खरं बोलत होता. म्हणजे मी खोटं बोललो, तेही जाणकार म्हणून. राजवर्धनच्या ओठावरचं हसू त्याला दिसायला लागलं, ते स्नेहभोजनातलंच. बंदुका गेल्या तरी चालतील, पण ते हसू बघायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. वाघमुखीसाठी त्याचा जीव तुटत होता, हेही तितकंच खरं. रात्रंदिवस तिचाच विचार. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ अजून जळायचा होता.

मुदत संपायच्या आधी मुजावर बाईंनी स्वतः फोन केला. हरकत आलेली नाही, काही म्हणायचं असेल तर सांगा, मी येऊन जाते, असं म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता आणि उज्ज्वला समोर उभी होती. खराडेनं तिच्याकडं न बघता सांगितलं, काही म्हणणं नाही. उज्ज्वला आत गेली. त्या दिवसापासून तिनं त्याचं ताट वाढून ठेवायचं तेवढं ठेवलं, बाकी बोलणं बंद.

वितळवण्याचा दिवस उजाडला. नियमाप्रमाणे मालकानं भट्टीपाशी हजर राहायचं असतं, शेवटचा नग जाईपर्यंत. हा नियमही संघटनेचाच. बंदुकांचे लाकडी दस्ते आधीच काढले होते. नुसत्या नळ्या ताडपत्रीवर ओळीनं मांडलेल्या, वाघमुखी सगळ्यात शेवटी. आतलं लोखंड पांढरं व्हायला आलं होतं. मुजावर बाई कागद घेऊन उभ्या, नाडीची बॅग खांद्याला. फाउंड्रीची माणसं खाली मान घालून होती. फाटकापाशी एक गाडी थांबली. तिच्यातून उज्ज्वला उतरली आणि मागून राजवर्धन. तो आत आला नाही, फाटकाजवळच्या ओतीव झाकणांच्या ढिगाला टेकून उभा राहिला. त्याच्या बंदुकांचं लोखंड असल्याच झाकणांत गेलं होतं, शहरात कुठं तरी गटारावर पडलेलं.

कुठलाही माल भट्टीत टाकण्याआधी नारळ फोडतात, ही फाउंड्रीची रीत. मेल्टरनं, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्या कामगारानं, मालकाला नारळ द्यायला हात पुढं केला, तेवढ्यात उज्ज्वलानं तो घेतला आणि स्वतः खराडेच्या हातात ठेवला.

"वाघमुखीवर फोडा," ती हळूच म्हणाली. त्या फोननंतर पहिल्यांदा बोलत होती. "मॅडमची नाडी इथंच आहे. एका नारळात सगळं सुटतंय. माझ्यासाठी नको, दादासाठी नको, तिच्यासाठी तरी फोडा."

वाघमुखी खराडेच्या पायापाशीच होती, वाकलं की झालं. वाघाच्या जबड्यातला एक दात लहानपणी मुलानं खेळताना वाकवला होता, तो अजून तसाच होता. त्यानं तेल लावून लावून पुसलेली प्रत्येक रेघ त्याला ओळखू येत होती. मग त्यानं वर बघितलं. फाटकापाशी राजवर्धन उभा. हसत नव्हता तो, नुसता बघत होता. पण खराडेला त्याच्या चेहऱ्यावर हसूच दिसलं.

त्यानं हात उचलला आणि नारळ भट्टीच्या पायरीवरच्या लोखंडी पत्र्यावर फोडला, नेहमीसारखा. पाणी सांडलं. मुजावर बाईंनी विचारलं, त्या कशावर फोडा म्हणत होत्या. काही नाही, बायकांचं काहीतरी असतंय, असं खराडे म्हणाला. उज्ज्वला पत्र्याजवळ गुडघे टेकून बसली आणि खोबऱ्याच्या वाट्या उचलायला लागली.

एकेक नळी आत गेली. मेल्टर चिमट्यानं उचलायचा, सोडायचा, बाई कागदावर खूण करायच्या. शेवटी वाघमुखी. लांब होती, एकदम मावली नाही. बुडाकडून आत सरकत गेली आणि वाघाचं तोंड बाहेर राहिलं, जबडा वासून, खराडेकडं. ते आधी काळं होतं, मग तांबडं झालं, मग वाकवलेला दात पाझरला, मग कान, मग डोळे. खराडे भट्टीकडं एक पाऊल पुढं आला.

"नारळच होता तो," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, थांबवा. बार नव्हता. नारळ होता. माझ्याकडंही आणि सरनोबतांकडंही. नळीभर नाडी लावली असती तर कळलं असतं. मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं."

मेल्टरनं चिमटा मागं घेतला, पण घेऊन उपयोग नव्हता. वाघाचं तोंड खाली गेलं आणि वर थोडा मळ तरंगला. मुजावर बाईंनी भट्टीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. चिडल्या होत्या.

"मी स्वतः फोन केला होता तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आता तपासायला बंदूक कुठाय?"

आपल्याच हातानं अपिलावर लिहिलेले शब्द खराडेला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले. लिहून घ्या, माझं म्हणणं लिहून घ्या, असं तो बडबडत राहिला. बाई म्हणाल्या, मुदत संपल्यावर पुराव्याशिवाय म्हणणं घेता येत नाही, हा नियम तुम्हीच मागून घेतलाय. दुसऱ्या एखाद्या नळीवर नारळ फोडून मी उद्याच बघते, वर कळवते. पुढच्या लोकांच्या बंदुका वाचतील. तुमच्या दोघांच्या नाही. त्यांनी कागदावर शेवटची खूण केली आणि खराडेपुढं सहीसाठी धरला. त्यानं सही केली.

राजवर्धन तोवर आत आला होता. खराडेनं त्याच्याकडं बघायचं टाळलं, पण तो समोर येऊनच थांबला. हसेल, असं खराडेला वाटलं. तो हसला नाही.

"दाजी, हेच तेव्हा बोलला असता, तर दोन्ही घरची जोडी राहिली असती," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

उज्ज्वलानं खोबऱ्याचे तुकडे केले होते. फाउंड्रीत भट्टीचा नारळ सगळ्यांनी खायचा असतो. प्रसाद कुणाला नाकारत नाहीत, दारात आलेल्या वैऱ्यालाही नाही. तिनं मेल्टरला दिला, पोरांना दिला, मुजावर बाईंना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. भावाच्या हातावर ठेवला. खराडेनंही उजवा हात डाव्यावर ठेवून पुढं केला, सवयीनं. ती त्याच्यासमोर आली. तिच्या हातात एक तुकडा उरला होता. तो तिनं स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावत चावत भावाच्या गाडीकडं चालू लागली.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. खराडेचा हात तसाच पुढं होता, आणि भट्टीपाशी उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी तो बघितला.